महादूदादाच्या ओटीवरचा झोपाळा

मी झोपाळा बोलतोय. हसू नका, झोपाळ्यालाही मन असतं. भिवंडीजवळच्या एका गावात महादूदादाच्या ओटीवर मी टांगलेला आहे. अस्सल सागाची फळी नि पितळी कड्या! दादाच्या लग्नात सासऱ्यांनी मला दिलं, तेव्हा नवरी हौसाबाईने मलाही हळद लावली होती.

पुढे दादाने टोळी जमवली. जमिनी धाकाने रिकाम्या करायच्या, रेतीवाल्यांकडून हप्ता घ्यायचा, असले धंदे. वाईटच होते, खोटं कशाला बोलू? पण सगळं उघड्यावर चालायचं. माझ्यावर फक्त दादा, पायरीवर त्याचा उजवा हात पंढरी, बाकीचे अंगणात. कोण कुठे बसतो, यावरून कोण केवढा ते कळायचं.

आणि एक रिवाज होता. कुणाला टोळी सोडायची असली, की दादा त्याला माझ्यावर शेजारी बसवायचा, हातात नारळ द्यायचा नि म्हणायचा, "जा, सुटलास." मग त्याच्या केसालाही कुणी धक्का लावत नसे. चिंतू असाच सुटला, आज त्याची पिठाची गिरणी आहे.

मग शेतांच्या जागी गोदामं आली, शेजारच्या दापोडे गावात ट्रकांची रीघ लागली. दादाची माणसं पांगली. पंढरीने तर बिल्डरचं ऑफिस थाटलं. दादा एकटाच झुलत बसायचा. मला बरंच वाटलं. म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला!

कसला जातोय! एका दुपारी दादाचा मुलगा कुणाल रडत घरी आला. तो ट्रक चालवायचा. पैसे देतो असं फोनवर कुणी सांगितलं म्हणून त्याने कापडाने भरलेली मालकाची गाडी कशेळी गावापाशी उभी केली, चावी आतच ठेवली नि चहाला गेला. गाडी गेली. मालकाला त्याने चोरी झाल्याचं सांगितलं. आता ते फोनवाले अशीच दुसरी गाडी मागत होते, नाहीतर जिवाची धमकी.

"तुजा भाई कोन?" दादाने विचारलं.

"ठाव न्हाय, बाबा. निस्ता फोन येतो."

"नि गाडी कोनी नेली?"

"त्यालाबी कंदी बघलं न्हाय."

दादाला काही उमजेना. भाईच नाही, ही कसली टोळी? त्याने आपलं जुनंच केलं. कुणालला शेजारी बसवलं, नारळ दिला. "जा, सुटलास." हौसाबाईने डोळ्यांना पदर लावला. मीही भाबडा, मला वाटलं, सुटलं पोर!

तेवढ्यात फोन वाजला. दादानेच घेतला.

"मी महादू बोलतो. पोराला सोडवलाय मी."

"कौन महादू?" पलीकडचा म्हणाला. "गाडी भेज."

दादाने पाय टेकले. मी थांबलो.

"उठा," हौसाबाई म्हणाली. "पोलिसांकडं जाऊ. तुमीबी चला."

"मी? माझी इज्जत?"

"इज्जत आयकली ना आता फोनवर?"

तिघं निघाले. दादाने कुणालचा हात घट्ट धरला होता. शाळेत नेतानासुद्धा त्याने तो कधी धरला नव्हता.

कुणालने पोलिसांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे काय, फोनचा एक नंबर! तोही तोवर बंद झाला होता. खटला चालू आहे, पोर जामिनावर घरी आहे. शिक्षा होईल की नाही, मला लाकडाला काय कळणार?

तुमच्या घरी झोपाळा नसेल, पण पोराला जवळ बसवून एवढं विचारा बाबांनो, तुला फोन कुणाचा येतो? दादा आता रोज विचारतो. कुणाल रागावत नाही, फोन काढून बापाच्या हातात देतो.