माझ्या दारावरचा डिंकाचा मोर

मी एक जुनी मोटार आहे, आणि माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी फडकं घेऊन जवळ आलं की मी पहिल्यांदा त्याचे हात बघते. मित्रांनो, तुम्हीही वरणगावला मला बघायला याल तेव्हा हात मागे बांधूनच या. राग मानू नका. माझ्यावर काय काय झालंय ते ऐकलं की तुम्हालाही पटेल.

माझा जन्म परदेशातला. बोटीतून मुंबईला उतरले आणि भुसावळच्या एका गोऱ्या साहेबाकडे चार वर्षं राहिले. साहेब परत निघाला तेव्हा वरणगावच्या लीलाधर नानांनी मला घेतलं. नाना केळी-कापूसवाले शेतकरी. बैलाशिवाय त्यांनी काही हाकलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ब्रेक दाबायचा सोडून ‘हो, हो’ करत बसले, आणि मी गोठ्याच्या भिंतीला जाऊन धडकले. बैल माझ्याकडे बघत रवंथ करत होते. असा राग आला होता!

नानांचे थोरले भाऊ पितांबर भुसावळला रेल्वेचे डबे रंगवायचे. माझा पोचा त्यांनी ठोकून काढला आणि म्हणाले, हिला नवीन रंग मीच देतो. महिनाभर रोज संध्याकाळी यायचे. रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, ओल्या दगडाने हलकं घासायचं, मग पुढचा हात. असे तेरा हात दिले. हिरवागार रंग आणि वर रोगण. माझ्यात तोंड बघून नाना मिशा नीट करायचे.

शेवटी बायकोला आवडतो म्हणून पितांबरांनी माझ्या दारावर तळहाताएवढा मोर काढायला घेतला. पण निळा तेलरंग घरात नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात रंगाचे डबेच्या डबे होते. “तो रंग रेल्वेचा आहे, माझा नाही,” असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेली निळी भुकटी त्यांनी बाभळीच्या डिंकात कालवली आणि त्यानेच मोर काढला. बायकोला, लताबाईंना, मात्र सांगितलं की रंग पक्का आहे.

तीन महिन्यांनी पितांबर तापाने गेले.

घरात त्यांचा एकसुद्धा फोटो नव्हता. मूलबाळ नव्हतं. लताबाईंकडे त्यांचं म्हणून उरलं ते हे दार. त्यांनी मोरावर घोंगडी टाकली आणि कुणालाही तिथे हात लावू दिला नाही. पण हा मोर पाण्याच्या एका ओघळाने वाहून जाईल, हे त्यांनाही माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं. आणि मला तोंड कुठे आहे? नुसता भोंगा आहे.

मग पोळा आला. आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. बैलांचं झाल्यावर घरातली माणसं माझ्याकडे वळली. ही पण वर्षभर राबते, हिचे खांदे कोण चोळणार? झालं. दोन्ही मडगार्डांना वाटीभर तूप-हळद! माया होती हो, नाही म्हणत नाही. पण रोगणाला बारीक भेगा पडल्या होत्या, त्यात हळद जाऊन बसली. वर धूळ चिकटली. दाराला लताबाई पाठ लावून उभ्या होत्या, म्हणून तेवढं वाचलं.

माघात नानांच्या लेकीचं, पुष्पाचं लग्न ठरलं. नवरदेव माझ्यातून मिरवायचा होता, आणि मी दिसत होते कावीळ झाल्यासारखी. कुणीतरी सांगितलं, धुळ्याला मोटार स्टँडाजवळ झुलाल आहे, बड्या लोकांच्या मोटारी चमकवायला त्याच्याकडेच असतात. नाना निघाले. लताबाई न विचारता मागे येऊन बसल्या.

झुलालच्या तीन बोटांत अंगठ्या होत्या. त्या बघूनच माझं टाळकं सरकलं. त्याने मला नीट बघितलंही नाही. एका दिवसात आरसा करून देतो म्हणाला आणि तेलात भिजवलेली कसली तरी लाल पूड घेऊन मडगार्ड घासायला लागला. मी वास ओळखला. विटेची पूड होती ती! हळद गेली. तिच्यामागून हिरवा गेला, आणि खालचं लोखंड डोळे मिचकावायला लागलं. तेरा हात दहा मिनिटांत गेले. वर हसून म्हणतो कसा, आता मोर असा चमकवतो की नाचायला लागेल.

लताबाई खाली उतरल्याच नाहीत. आतूनच हात बाहेर काढून त्यांनी घोंगडी दाबून धरली.

“आधी जो रंग गेला तो परत लाव. मंग मोराचं बोल.”

बाजूला एक टांगेवाला सगळं बघत होता. तो म्हणाला, सोनगीरला भटू नावाचा माणूस आहे, धमण्या, म्हणजे बैलांच्या हलक्या गाड्या, रंगवतो. हात चांगला आहे, पण निम्म्या गिऱ्हाइकांना परत पाठवतो. नाना वैतागले. परत पाठवणाऱ्याकडे कशाला जायचं?

“तिथंच चला, भाऊजी,” लताबाई म्हणाल्या.

खरं सांगते, भटूचाही मला संशयच आला. एक तास तो नुसता फिरत राहिला. वाकून खालून बघितलं. नखाने एके ठिकाणी खरवडलं, नाकाशी नेलं. चोर घर हेरतो तसा! मग त्याने हातातलं कडं काढलं, कमरेच्या करगोट्याची किल्ली सोडून ठेवली आणि हात धुऊन पुसले. हे मात्र झुलालने केलं नव्हतं. मडगार्डाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे त्याने जुन्या मऊ धोतराचा बोळा फिरवून बघितला.

आणि मग घोंगडी उचलली. लताबाई काही बोलायच्या आत ओलं बोट त्याने मोराच्या पिसाऱ्याला लावलं, दाराच्या मुठीमागे झाकल्या जाणाऱ्या शेवटच्या पिसाला. लताबाईंनी त्याचं मनगट धरलं. मला आपणहून वाजता आलं असतं तर सोनगीरचा किल्ला दणाणला असता.

भटूने हात सोडवला नाही. बोट पुढे धरलं. ते निळं झालं होतं.

“अक्का, हाऊ मोर बठ्ठा डिंकना शे. पानी लागनं ते निंघी जाई. बाकीनी मोटार मी करी देस. याले मी हात लावाव नहीं.”

लताबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, सगळा डिंकाचा? ते तर पक्का रंग म्हणाले होते. मग त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“रेल्वेच्या रंगाचा डबा नाही उघडला त्यांनी. नाहीच उघडणार.”

नानांनी विचारलं, वहिनी, मग मोटार ठेवायची का इथे? त्या म्हणाल्या, ठेवा. इतक्या जणांत नाही म्हणणारा हा एकटाच भेटलाय.

भटूने मला अकरा दिवस ठेवून घेतलं. पाण्याचा हंडासुद्धा त्या दाराकडे नेला नाही. मडगार्डाचा गेलेला हिरवा त्याने जमेल तसा जुळवला, थोडा गडद झाला. लग्नात मी लखलखत होते, आणि मोर तसाच धुळकट. वऱ्हाडी हसले. लताबाईंनी हसू दिलं. शेवटच्या पिसावर तिळाएवढा डाग राहिला, त्याबद्दल भटूवर माझा अजून थोडा राग आहे. पण तो डाग पडला नसता तर आख्खा मोर गेला असता, हेही कळतं.

पुढे लढाई आली, पेट्रोल मिळेना, टायर गेले. आता मी केळीच्या घडांशेजारी उभी असते. परवाच्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, तेव्हा झेंडा लावून मला मिरवायचं म्हणून गावातली पोरं बादल्या घेऊन आली. एक म्हणे धुतो, एक म्हणे चमकवतो. लताबाई दारापुढे उभ्या राहिल्या. “कशाला हात लावणार नाही, ते सांगा आधी.” मग एकाने बादली खाली ठेवली, बाकीच्यांनीही ठेवल्या. धुळीसकट मला ढकलत नेलं, बॉनेटवर झेंडा, आणि दाराशेजारून लताबाई चालत होत्या.

मित्रांनो, जपलेली वस्तू कुणाच्या हाती द्याल तेव्हा लताबाईंचा तेवढाच प्रश्न विचारा. काय काय करून देतो, ते सगळेच सांगतात.

आता जरा मागे सरका. लताबाई आल्या. रोज या वेळेला त्या घोंगडी उचलतात आणि मोरावरची धूळ नुसत्या फुंकरीने उडवतात.