मीटरची खोली

“वाईट वाटून घेऊ नका हं,” असं म्हणून चष्मेवाला खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, आणि पुढचं सगळं समोर बसलेल्या मीटरला तिथेच ऐकू आलं. कडेला बसणारा माणूस लवकर उठायच्या बेतानेच बसतो.

चष्मेवाला म्हणजे आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवणारा आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा अगडबंब सज्जन. त्यांच्या बँडची आठ गाणी रेकॉर्ड होऊन पडली होती. त्यातलं एक त्यांनी मीटरकडे मिक्सिंगला दिलं होतं. ते पसंत पडलं तर उरलेली सातही तिच्याकडे यायची होती.

मिक्सिंग म्हणजे काय, हे मीटरच्या दादाला तिने घरी काम सुरू केल्यापासूनच्या आठ महिन्यांत कळलं नव्हतं. गाणारी वेगळी रेकॉर्ड होते, तबला वेगळा, गिटार वेगळी. ते सगळे आवाज एकत्र असे बसवायचे की कुणी कुणाच्या पायावर पाय देऊ नये, हे तिने त्याला फोनवर तीनदा समजावलं होतं. “म्हणजे बटणं वरखाली करायची,” असा त्याने त्याचा निकाल लावला होता. मात्र हिशेब त्याचा चोख होता. सात गाणी आली तर खोली तुझ्या स्टुडिओला. नाही आली तर महिनाअखेरीला बाबांची खोली बाबांना परत, आणि तू ती लिफ्टमधल्या घोषणांची नोकरी धर. मीटर ‘हो’ म्हणाली होती, कारण सात गाणी येणार याची तिला खात्री होती.

“पोरं म्हणतात, दुसऱ्याकडे देऊ या,” चष्मेवाला गुडघ्यांना उद्देशून म्हणाला.

“काय आवडलं नाही?”

“नाही हो, तसं सगळं छानच आहे.”

आठ महिन्यांत याच्यासकट अकरा जणांनी तिला हेच सांगितलं होतं. छान झालं, मस्त झालं, पुढच्या वेळी नक्की. आणि मग ताकास तूर लागू न देता आधीचे दहाही गायब. पहिल्यापहिल्यांदा तिला वाटायचं, लोक आपापल्या कामांत असतील. मग वाटायला लागलं, आपण मोठ्या स्टुडिओत साहेबांच्या सावलीत होतो तोवरच बऱ्या होतो. त्या स्टुडिओत तिने अकरा वर्षं काढली होती. मीटरच्या काट्याकडे न बघता आवाज किती वर गेलाय ते ती अचूक सांगायची, म्हणून साहेबांनीच तिला मीटर म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. साहेब गेले, स्टुडिओ विकला गेला, तिथे आता फ्रिज ठेवतात.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “मला कुणीच खरं सांगत नाही. तुम्ही तरी सांगा.”

चष्मेवाल्याने मान वर केली. “मग सांगतो. गाणं पोकळ वाटतं, ताई. माझी बेस तर कुठे ऐकूच येत नाही. मला वाटलं, मीच हळू वाजवली. घरी पुन्हा वाजवून बघितली. बायको म्हणाली, भांडी हलतायत.”

मीटरने गाणं लावलं. खोली भरून गेली. बेस खालून अशी आली की चष्मेवाल्याचे हात मांडीवर आपोआप चालायला लागले.

“अहो, हे तर झकास आहे! हेच आम्हाला का नाही दिलं?”

“हेच दिलंय.”

“हे नाही. हे ऐका.” त्याने फोन पुढे केला. तिने पाठवलेलीच फाइल त्यात होती. मीटरने ती कॉम्प्युटरवर घेतली, पडद्यावर उघड्या असलेल्या त्याच गाण्याच्या कामात ओढली आणि लावली. स्पीकर तेच, खोली तीच, आणि गाण्याच्या अंगात रक्ताचा थेंब नाही. गाणारा, झांजा आणि खाली नुसती हवा.

तिची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेली, जिथे एक छोटा हिरवा चौकोन आठ महिने इमानेइतबारे पेटलेला होता.

बाबांची ही खोली जेमतेम दहा बाय नऊ. अशा खोलीत जाडे आवाज कोपऱ्यांत साचतात आणि असतात त्याच्या दुप्पट वाजतात. म्हणून तिने पहिल्याच आठवड्यात माईक लावून खोली मोजली होती आणि कॉम्प्युटरला सांगितलं होतं, इथे मला ऐकवताना जाडा आवाज तेवढा कमी कर. हिरव्या चौकोनाची ती सोय तिच्या एकटीच्या कानांसाठी, या चार भिंतींपुरती. गाणं फाइल करून बाहेर पाठवताना ती बंद करायची असते, नाही तर तेवढा जाडा आवाज गाण्यातूनच कापला जातो. मोठ्या स्टुडिओत भिंतीच अशा बांधलेल्या की या दुरुस्तीची गरजच नव्हती, त्यामुळे बंद करायची सवय तिच्या हाताला कधी लागली नाही. पाठवलेलं गाणं ती फोनवर ऐकून बघायची, पण फोनला जाडा आवाज मुळातच नसतो.

तिने हे चष्मेवाल्याला कसंबसं सांगितलं. “म्हणजे तुमच्या चष्म्याचा नंबर तुम्ही आमच्या डोळ्यांना लावलात.”

“हो.”

“आमच्याकडे असं झालं तर गिऱ्हाईक दारातच धडपडतं. लगेच कळतं.” मग तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, “पण चूक सापडली ना! मी सांगून बघतो पोरांना. तसं दोन गाणी झालीत त्या दुसऱ्याकडे, पण तरी सांगून बघतो.”

‘तरी’वर त्याचा आवाज किंचित खाली गेला. एवढं ऐकायला मीटर असायची गरज नव्हती. दारात त्याने खिशातला मऊ फडक्याचा तुकडा काढून तिला दिला. “चष्मा पुसा हो, फार डाग पडलेत,” असं म्हणाला आणि गेला.

तिने चष्मा पुसला. हिरवा चौकोन बंद केला. मग जेवण नाही, पाणी नाही, अकरा जणांची सगळी गाणी तिने एकामागून एक पुन्हा फाइल करून काढली आणि प्रत्येकाला पाठवली. सोबत लिहिलं, ‘माझ्याकडून चूक झाली होती. गाणं आता ऐका.’ आणखी काय लिहावं, ते तिला सुचलं नाही.

बाबा बाहेरच्या खोलीत दिवाणावर पाय पसरून बसले होते. दिवाण बुटका होता. त्यावरून उठताना ते आधी भिंतीला हात लावायचे, मग गुडघ्याला, मग देवाला नसती दिली अशी एक शिवी दिवाणाला. आठ महिन्यांपूर्वी खोली रिकामी करून द्यायला स्वतःची कॉट सुटी करून कोपऱ्यात उभी करणारे तेच होते. कॉलरच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. त्यांनी लेकीच्या भिंतींसाठी सोळा जाड गाद्या शिवल्या, आवाज शोषायला. सोळाही गाद्यांना कडेने निळी पायपिंग. “आवाजाला काय दिसतंय, बाबा?” असं ती म्हणाली होती. “तुला दिसतंय ना,” असं ते म्हणाले होते.

“गेला का तो?” बाबांनी विचारलं.

तिने सगळं सांगितलं. बाबांनी भिंतीला हात लावला, गुडघ्याला लावला आणि तसेच पुन्हा बसले.

“माझं दुकान होतं,” ते म्हणाले.

“कसलं दुकान?”

“शिलाईचं. दादाच्या जन्माच्या आधी. सव्वा वर्ष चाललं.”

चौतीस वर्षांत हे दुकान मीटरच्या कानावर आलं नव्हतं. तिच्या लेखी बाबा जन्मले तेच कॉलरच्या मशीनवर.

“माप घ्यायचो टेपने आणि कापड कापायचो टेबलावरच्या लाकडी पट्टीने. टेप जुना, कापडी. ओढून ओढून लांबला होता, मला काय माहीत? छत्तीस छाती असली की टेप पस्तीस सांगायचा. मी पट्टीने पस्तीस कापायचो. सगळ्यांना कपडे तंग.”

“कुणी बोललं नाही?”

“एखाददोघांनी उसवून घेतले. बाकी लोकांना वाटायचं, आपणच जाड झालो.” बाबा हसले, पण नुसते नाकाने. “मला काय वाटायचं सांगू? कुणाची तक्रार नाही, म्हणजे धंदा ठीक आहे. आणि सगळे समोरच्या दुकानात.”

“मग?”

“मग काय? शटर ओढलं. कारखान्यात लागलो. तिथे माप घ्यायचं नव्हतं, माप छापलेलं यायचं. दोन वर्षांनी तुझ्या आईने पडदे मोजायला तो टेप काढला, तेव्हा कळलं.”

“तुम्ही त्या गिऱ्हाइकांना सांगितलंत का?”

“काय सांगू? घरोघरी जाऊन सांगू की बाबांनो, तुम्ही जाड झाला नव्हता?”

यावर मीटरला हसू आलं.

पुढच्या चार दिवसांत अकरापैकी सहा जणांची उत्तरं आली. एकाने अंगठा पाठवला. एकाने ‘आपण कोण?’ असं विचारलं. एकाचं गाणं कधीच बाहेर आलं होतं आणि लोकांना तसंच आवडत होतं, त्यामुळे आता कृपा करून काही बदलू नका, असं त्याने बजावलं. दोघांनी ‘ऐकून सांगतो’ म्हणून बोळवण केली. चष्मेवाल्याने लिहिलं, ‘सांगून बघितलं. सॉरी ताई.’ पाच जण गप्पच होते.

सहा दिवसांनी नर्सबाईंचा फोन आला.

नर्सबाई ही मीटरची अगदी पहिली गिऱ्हाईक. पन्नाशीची बाई, उभा जन्म वॉर्डात गेला, आणि आता कुठे स्वतःची चार गाणी रेकॉर्ड केली. आवाज खालचा, भरदार, दुपारच्या सावलीसारखा. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीटरला वाटलं होतं, असं काम मिळणार असेल तर घरी बसल्याचं सार्थक आहे.

“आत्ता ऐकलं,” नर्सबाई म्हणाल्या. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. “डबा खायच्या खोलीत उभी राहून ऐकलं. चारही.”

“कसं वाटलं?”

“हा माझा आवाज आहे.”

मीटरने फोन कानाशी आणखी जवळ धरला.

“मी तुम्हाला तेव्हा फोन केला होता, आठवतं? विचारलं होतं, मी अशीच गाते का हो?”

आठवत होतं. शब्दन्‌शब्द आठवत होतं, कारण मीटरला त्या उत्तराचा अभिमान वाटला होता. हो, हा तुमचाच आवाज आहे, ती म्हणाली होती. मी त्यात काहीही बदललेलं नाही.

“मी म्हटलं, यंत्र खोटं कशाला बोलेल? आपल्यालाच आपला आवाज मोठा वाटत होता. बाथरूममध्ये सगळ्यांचाच वाटतो.” बाईंच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मग सोडून दिलं.”

“काय सोडलं?”

“गाणं. क्लास सोडला, पेटी भाचीला देऊन टाकली. उगाच हसं कशाला करून घ्यायचं?”

“नर्सबाई, पुन्हा सुरू करा. मी हात जोडते. चूक माझी होती, तुमची नव्हती.”

“आता काय, राहू दे. आठ महिने गळा बंद आहे. आता खालचा सूर लागत नाही, करून बघितला मघाशी.” पलीकडे बेल वाजली. “पेशंट बोलावतोय. ठेवू? आणि पाठवलंत ते बरं केलंत.”

फोन ठेवल्यावर मीटर भिंतीवरच्या निळ्या पायपिंगकडे बघत बसली. सात गाणी गेली, याचं तिला दुःख झालं होतं. खोली जाणार, याचंही झालं होतं. पण ही लाज होती. आपलं नुकसान आपण कधीतरी भरून काढू, असं माणूस स्वतःला सांगू शकतो. हे कोण भरून काढणार?

महिनाअखेरीच्या दुपारी तिने टेबल भिंतीकडे सरकवलं आणि बाबांची कॉट पुन्हा जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला नोकरीवर हजर व्हायचं होतं. लिफ्टमध्ये आणि तिकिटाच्या रांगांत वाजणाऱ्या घोषणा तयार करायचं काम होतं. त्याला ना गाणं लागत होतं, ना खोली. बाबांनी सोळापैकी आठ गाद्या उसवल्या आणि आतल्या कापसाची कॉटवर घालायला एकच जाड गादी शिवली. उरलेल्या आठ त्यांनी भिंतीवरच राहू दिल्या.

“झोप चांगली लागते,” ते म्हणाले. झोपून बघितलं नव्हतं, तरी म्हणाले.

स्पीकर काढायचे तेवढे राहिले होते. मीटर वायरींना हात घालणार तेवढ्यात बाबा नव्या गादीवर आडवे होत म्हणाले, “थांब जरा. आठ महिने मी भिंतीपलीकडून नुसतं धबधब ऐकलं. एकदा नीट ऐकव की.”

“काय ऐकवू?”

“काहीही. चांगलं झालेलं.”

तिने हिरवा चौकोन लावला, कारण आता ऐकणारे याच खोलीत होते. मग नर्सबाईंचं पहिलं गाणं लावलं. तो खालचा, भरदार आवाज अर्ध्या उघड्या पडलेल्या भिंतींवर आपटत खोलीभर फिरला. बाबांनी डोळे मिटले. त्यांचा पाय चादरीखाली हलत होता, मशीनच्या पायपट्टीवर हलावा तसा. गाणं संपलं तरी तो जरा वेळ हलत राहिला.

“कोण गं ही?”

“नर्स आहे एक.”

“काय गाते! हिचं आणखी ऐकव.”

“चारच आहेत, बाबा.”

“चार तर चार. पुढे करेल की.”

मीटरने दुसरं गाणं लावलं.