चिमीचं खरं नाव

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सख्खं भावंड कोणी आहे?" आणि नवऱ्यानं मानेनंच नाही म्हटलं. मीही तेच सांगितलं असतं. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत सासरच्या घरात मी एकाच मुलाबद्दल ऐकलं होतं. तो म्हणजे हा.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बावन्नाव्या वर्षीही दहा मजले जिना चढून मोटारीपर्यंत जाणारा माणूस चौथ्या मजल्यावर धापा टाकायला लागला, तेव्हा तपासण्या झाल्या. रक्त बनवणारा कारखानाच बिघडला होता. औषधांनी आजार दबला, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "दबलाय, गेलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या हाडांमधला मगज मिळाला तरच खरं." दात्यांच्या यादीत कोणी जुळलं नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. मी बायको, मी सगळा जीव ओवाळून टाकला असता तरी माझं रक्त त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

"सहा आठवडे आहेत हातात," त्या म्हणाल्या. "फार तर आठ."

वॉर्डात परत आल्यावर तो खाटेवर आडवा झाला. मग म्हणाला, "एक चिमी होती."

"कोण चिमी?"

"बहीण. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तान्हा होतो तेव्हा तिला कुणाला तरी दिली. शाळेत असताना एकदा आईला विचारलं, तर दोन दिवस जेवली नाही. परत नाही विचारलं."

"खरं नाव काय तिचं?"

"चिमीच ऐकलंय."

सासू-सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पिढीतलं एकच माणूस उरलं होतं, नवऱ्याची आत्या. त्र्याऐंशी वर्षांची, एका कानानं बहिरी आणि दुसऱ्यानं हवं तेवढंच ऐकणारी. मी तिच्याकडे गेले तेव्हा ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती.

"आत्याबाई, चिमीचं खरं नाव काय होतं?"

तिचे हात थांबले. "कुणी काढलं तिचं नाव?"

"नावच तर नाही ना माहीत!" मी ओरडून म्हणाले, आणि एकदम रडायलाच लागले. मग तिनं शेंगांचं ताट बाजूला ठेवलं आणि सांगितलं.

बाळाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या जन्मानंतर माझ्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. सासूबाईंची मावसबहीण होती, तिला सगळे गोरी म्हणायचे. गोरीला मूल नव्हतं. ती म्हणाली, चिमीला मी चार दिवस नेते. चार दिवसांचे चार महिने झाले. सासूबाई उठून हिंडूफिरू लागल्या, तेव्हा गोरी म्हणाली, पोरीला माझा लळा लागलाय, आता नाही देणार. आणि सासऱ्यांनी तोंड उघडलं नाही. घरात एक तोंड कमी झालं, हे त्यांना बरंच वाटलं असणार. पुढे गोरी आणि तिचा नवरा गाव सोडून गेले. सासूबाईंनी चिमीचे सगळे फोटो फाडले.

"गोरीचं खरं नाव? तिच्या नवऱ्याचं?"

"गोरी ती गोरी. आणि त्याला मास्तर म्हणायचे. मास्तरांना कोण नावानं हाक मारतं?"

"आणि चिमीचं?"

"चिमीचं..." ती आठवत राहिली. "होतं गं काहीतरी मोठं. घरात कुणी घ्यायचंच नाही."

तिच्या डब्यात एक फोटो निघाला. गोरी, शेजारी गळ्यात मफलर घातलेला किडकिडीत मास्तर, आणि दोघांच्या मध्ये सहा वर्षांची, कॅमेऱ्यावर डोळे वटारलेली मुलगी. मी फोटो पर्समध्ये घातला आणि निघाले.

नोंदणी कार्यालयातला कारकून माणूस चांगला होता, पण टोपणनाव ऐकून हसला. "बाई, टोपणनावानं शोधायचं तर अर्धं शहर बाळ्या आणि अर्धं बेबी." चिमीचा जन्म आजोळचा, आणि तिथल्या त्या वर्षांच्या वह्या पाण्यात गेलेल्या. मग त्यानं सासऱ्यांच्या वॉर्डाची जुनी घरयादी काढली, नवरा महिन्याचा असतानाची. घरात चार माणसं, नुसती नावं आणि वयं. सासरे, सासूबाई, तिसरं नाव माझ्या आजेसासूचं, आणि शेवटी 'मुलगा, वय एक महिना'. आजेसासूचं नाव मला सासऱ्यांच्या कागदांवरून पाठ होतं. त्या नावापुढे वयाच्या रकान्यात सहाचा आकडा आणि त्याला चिकटून शाईचा डाग. साठ, एकसष्ट, काय असेल ते. चिमी नव्हतीच. तरी मी यादीची नक्कल मागून पर्समध्ये ठेवली.

"यादी करायच्या आधीच तिला नेलं असेल," कारकून म्हणाला.

मग मी मास्तरांच्या मागे लागले. निवृत्त शिक्षकांच्या याद्या मिळवल्या, शाळांमध्ये जाऊन जुनी हजेरीपत्रकं चाळली. ज्या ज्या शिक्षकाच्या बायकोला कुणी गोरी म्हणत असेल अशी शंका आली, त्याच्या घरी फोन केला. एका म्हातारबाबांनी तर मला झापलंच, "माझी बायको काळी होती आणि मला त्याचं काही नव्हतं!" त्या दिवशी मला हसू आलं, आणि हसता हसता जिन्यातच मटकन बसले. बारा दिवस गेले होते. रोज संध्याकाळी नवरा विचारायचा, "काही लागलं हाताला?" आणि मी म्हणायचे, "लागेल." एकदा म्हणाला, "तू माझ्याजवळ बस ना जरा, सारखी वणवण फिरतेस." त्यावर मी त्याच्या अंगावर ओरडले. शेजारच्या खाटेवरचा माणूस तोंड फिरवून झोपल्याचं सोंग करत होता.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तेराव्या दिवशी रजा संपली म्हणून दुकानात गेले. काचांवरचे ओरखडे बघायला आमच्याकडे एक भिंग असतं, डोळ्याला लावायचं. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो फोटो त्याखाली धरला. का धरला कुणास ठाऊक, मला त्या मुलीचा चेहरा जवळून बघायचा होता. भिंग सरकलं आणि मास्तरच्या गळ्यावर आलं. मफलरवर बारीक रेघा होत्या. सारख्या अंतरावर, आणि दर काही रेघांनंतर आकडा.

तो मफलर नव्हता, माप घ्यायची टेप होती. शाळेतला मास्तर नव्हताच तो. कपडे बेतणारा मास्तर होता, कटिंग मास्तर! मी बारा दिवस भलत्याच माणसांच्या घरची दारं ठोठावत होते.

शिवणकामगारांच्या संघटनेचं ऑफिस एका धाग्यांच्या दुकानावर, माळ्यावर. तिथले सेक्रेटरी स्वतः जुने शिंपी, नाकावर घसरलेला चष्मा, बोलताना बोटं आपोआप कापडाची घडी केल्यासारखी हलायची. त्यांनी सभासदांच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक सभासदाच्या नावाखाली घरच्यांची नावं.

"कोणाला शोधताय?"

"मास्तरांना."

"बाई, इथे सदतीस मास्तर आहेत. बायकोचं नाव सांगा."

"गोरी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मुलीचं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांना दया आली असावी. म्हणाले, "नाव घेऊन या. वह्या इथंच आहेत, कुठं जात नाहीत."

त्याच दुपारी दवाखान्यातून फोन आला, नवऱ्याला ताप भरलाय. मी धावत पोचले तेव्हा डॉक्टरबाई घाईत होत्या. "भावंडाचं काय झालं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी तिथून थेट आत्याबाईंकडे गेले. काय विचारायचं तेही ठरलं नव्हतं. तिच्यासमोर घरयादीची नक्कल ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही नीट आठवा. घरात ही चार माणसं. तुमचे भाऊ, वहिनी, तुमची आई, आणि बाळ. चिमी कुठं होती तेव्हा?"

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "माझी आई कुठली इथे? आई तर बाळ व्हायच्या वर्षभर आधीच गेली."

"पण नाव आहे ना."

"नाव आईचंच आहे..." आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तेच तर! चिमी झाली तेव्हा दादानं हट्टानं आईचं नाव ठेवलं तिला. आई तेव्हा जिवंत, समोर बसलेली. तिच्यासमोर तिचंच नाव घेऊन पोरीला 'नाक पूस' कसं म्हणायचं? रागवायचं कसं? म्हणून चिमी म्हणायला लागले सगळे. मी तर पार विसरले!"

डागाआधीचा तो सहाचा आकडा साठ नव्हता, एकसष्टही नव्हता. सहाच होता. इतके दिवस ती माझ्या पर्समध्ये होती, आणि मी तिला म्हातारी समजून पुढे गेले होते.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी पाचव्याच वहीत ते नाव काढलं. एक कटिंग मास्तर, पत्नी, एक मुलगी. "अरे, ही होय!" ते म्हणाले. "हिला ओळखतो मी. मास्तर गेल्यावर हिनंच दुकान चालवलं. बटणं आणि अस्तराचं कापड." पत्ता त्यांच्या पाठ होता. बसनं चार तासांवर.

दुकान अरुंद होतं, भिंतभर बटणांच्या काचेच्या बरण्या. गल्ल्यावरची बाई अठ्ठावन्नची, अंगानं दणकट, आणि वटारलेले डोळे तेच. "ताई," मी म्हणाले, "तुम्हाला लहानपणी चिमी म्हणायचे का?"

तिच्या हातातली बरणी तिनं हळूच खाली ठेवली. "कोण तू?"

मी सांगितलं. सगळं, घाईघाईनं, मधेच श्वास घेत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला न्यायला येतील म्हणून मी दारात बसायचे. माझी पिशवी भरलेली असायची. पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षी पिशवी लहान झाली, फ्रॉक मावेनात." तिनं बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "आज बावन्न वर्षांनी आलात. माझ्यासाठी नाही, माझ्या रक्तासाठी. त्याला आजार झाला नसता, तर आली असतीस?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "नाही. तुम्ही आहात हेच मला महिन्यापूर्वीपर्यंत माहीत नव्हतं."

"आणि त्याला?"

"त्याला होतं."

"हं," ती म्हणाली.

"तो तान्हा होता, ताई. त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं. तेच तर. मला दिलं आणि त्याला ठेवलं, त्यानं काहीच केलं नाही." एक गिऱ्हाईक आलं, तिनं त्याला सहा काळी बटणं मोजून दिली. मी हात जोडले, पायांशी वाकायला गेले, तर ती करड्या आवाजात म्हणाली, "ऊठ. दुकानात तमाशा नको." मी दवाखान्याचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून गल्ल्यावर ठेवला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईनं मला न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली, इतकं माझं तोंड उतरलं असणार.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर ती त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसली होती. दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला. जुळतंय का ते बघायला रक्त देऊन झालं होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्या पायांकडे. "तुझे अंगठे बाबांसारखे आहेत," अखेर ती म्हणाली. "तेवढंच आठवतंय मला त्यांचं."

निकालाला दहा दिवस लागणार होते. ती परत गेली नाही, आमच्याकडे राहिली. दुकानाला कुलूप लावून आले म्हणाली. घरात ती फार बोलायची नाही. पण माझ्या उसवलेल्या पिशव्या, त्याच्या शर्टांची तुटकी बटणं, सगळं तिनं हळूहळू नीट करून टाकलं. दुपारी दवाखान्यात त्याच्याशी बोलायची. त्यानं विचारलं की सांगायची, नाही विचारलं की गप्प बसायची. एकदा तो आई-बाबांवर भडकला. मी त्याला कधी असा बघितला नव्हता. "मला ठेवलं आणि तुला दिलं, आणि बघ, उपयोग काय झाला!" ती म्हणाली, "गप. ताप वाढेल." आणि तो खरंच गप्प बसला.

अकराव्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. जुळलं नव्हतं. थोडंही नाही. त्या म्हणाल्या, सख्ख्या भावंडांमध्येही असं होतं, चारातल्या एकाचं अजिबात जुळत नाही. यात कुणाचा दोष नाही.

मी बाहेर येऊन भिंतीला टेकले. माझ्या आत काही उरलंच नव्हतं, रडायलाही. ताई बाकावर बसली आणि माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली.

"माझ्यात त्याच्यासारखं काहीच नाही का गं?" ती म्हणाली. "काहीच?"

आणि ती रडली. तिच्या दुकानात, मी हात जोडले तेव्हाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या दहा दिवसांत ती कशाची वाट बघत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "रागावता मात्र अगदी सारखं." ती रडता रडताच हुंकारली. तो हुंकार हसण्याचा होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

पुढे औषधं बदलली, पण आजारानं डोकं वर काढलं ते काढलंच. पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. मी त्याच्याजवळ होते. ताई खाली चहा आणायला गेली होती. ती दोन्ही हातांत दोन पेले घेऊन दारात आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. पेले कुठे ठेवावेत तेच तिला समजेना. मी उठून एक पेला तिच्या हातातून घेतला. चहा गरम होता. आम्ही दोघी त्याच्या खाटेच्या दोन बाजूंना बसलो, आणि नर्स येईपर्यंत तो चहा प्यायलो.