मेंदीची बोटे आणि श्वासाचे यंत्र

नागपंचमीची मेंदी वैदेहीच्या बोटांवर काळीभोर रंगली होती. तिच्या आजीने, गोदावरीबाईंनी, ती स्वतः काढली होती. घोरणाऱ्या नातीचा श्वास झोपेत अडतो का, हे नोंदवणारे मनगटी यंत्र डॉक्टरांनी आजच्या रात्रीपुरते दिले होते. सुनेने, चेतनाने, त्याचा चिमटा बोटाला लावला, पण रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटेना.

"आई, मेंदीतून त्याचा उजेड जात नाही. यंत्र आता पुन्हा पुढच्या महिन्यातच मिळेल."

"तोवर पोरीने श्वास रोखून बसायचे की काय? पायाला मेंदी नाही. विचार डॉक्टरांना."

पायाचे बोट चालेल, असे डॉक्टर फोनवर म्हणाले. गोदावरीबाईंनी नातीचे पैंजण उतरवून यंत्र घोट्याला बांधले आणि चिमटा पायाच्या बोटाला लावला.

"आजी, गुदगुल्या होतात."

"होऊ देत. पाय हलला तर गाठ माझ्याशी आहे."

आकडा उमटला. गोदावरीबाई नातीच्या पायाशी ठाण मांडून बसल्या.