मुलींना आधी

मॅडमनी पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि नोंदवहीवर सही करायला हात टेकवला. समोर उभ्या विद्यार्थिनीचा चेहरा नुसता फुलला होता.

"मॅडम, आज पहिल्यांदा गाठ बोटांना लागली! आम्हा पाचही जणींना तपासायला मिळालं."

भूल दिलेल्या बाईवर विद्यार्थ्यांनी आतली तपासणी शिकायची, ही या स्त्रीरोग विभागातली जुनी रीत. मॅडम शिकत होत्या तेव्हा रांगेत मुलगे पुढे असत. मुलींपर्यंत रांग यायची तोवर सर म्हणत, "बास, आता ऑपरेशन सुरू करू." पुढे वरिष्ठांशी वैर पत्करत, डोकेफोड करत त्या विभागप्रमुख झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी नियम केला: मुलींना आधी. या नियमाचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

"छान. कुठल्या टेबलावर?"

"दोन नंबर. सकाळची दुसरी केस. पन्नाशीच्या बाई होत्या."

पेन थांबलं. दोन नंबरवर सकाळी दुसरी केस त्यांच्या सख्ख्या ताईची होती. घरच्या माणसावर स्वतः सुरी चालवायची नाही, म्हणून मॅडम तिला सहकाऱ्याच्या हवाली करून वर्गावर गेल्या होत्या.

"त्यांना विचारलं होतं?"

"कुणाला?" मुलगी गोंधळली. "त्या तर झोपलेल्या होत्या, मॅडम."

मुलीला काय बोलणार? ती शिकवलं तेच सांगत होती. सही न करताच त्यांनी वही मिटली.

दुपारी ताई खाटेवर जागी होती. ओठ सुकलेले, पण चेष्टेखोरपणा शाबूत.

"या, मोठ्या डॉक्टरीणबाई! तू आहेस म्हणून सगळ्या कागदांवर डोळे मिटून सह्या ठोकल्या मी. नीट झालं ना सगळं?"

"गाठ निघाली. पण ताई..."

मॅडमनी सांगितलं. पाच मुली, एकीनंतर एक. कुणी परवानगी घेतली नव्हती, आणि ही रांग त्यांनीच लावून दिलेली. ताई चिडेल, निदान रडेल, असं त्यांना वाटत होतं. तिने फक्त पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"मुलींनी शिकायलाच हवं," ती म्हणाली. "विचारलं असतं ना, तर हो म्हटलं असतं गं मी."

"चुकलं माझं, ताई. फार चुकलं."

"मी तुझी बहीण, म्हणून मला सांगितलंस तरी." ताईने मान वळवली. "बाकीच्यांना कुणी सांगितलं?"

बारा वर्षं झाली होती त्या नियमाला. मॅडमनी आठवून पाहिलं. टेबलावर पडदा असायचा, त्याच्या पलीकडे डोकं. एकाही बाईचा चेहरा त्यांना आठवेना.