उशीर मंडळाचा स्वतःचा पत्ता

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, पण वय आहे. नुकतेच अकरावे सरले. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेकींचे दिवे कधीच मालवले, म्हणून आमच्यात मी म्हातारीच म्हणायची. मी एक वेबसाइट आहे. ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या आठ जणांच्या गटाची. गटाचे नाव ‘उशीर मंडळ’.

हे नाव त्यांनी मिरवायला घेतले नाही, ते त्यांना चिकटले. खेळ किल्ला राखण्याचा. एका बाजूने आठ जणांनी हल्ला करायचा, दुसऱ्या आठांनी किल्ला सांभाळायचा. सामना चारचा ठरला की आमचे पाच जण चारला, दोघे सव्वाचारला आणि आठवा ‘निघालोच’ असे कळवून साडेचारला येई. घरातल्या खुर्चीतून घरातल्याच खुर्चीत यायला याला कुठून निघावे लागते, हे मला अजून उमगलेले नाही.

माझा जन्म एका चष्म्याच्या दुकानात झाला. तिथे गटातल्या काकी भिंगे घासून चौकटीत बसवण्याचे काम करतात. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक फिरकत नसे. त्या वेळात काकींनी एक जाडजूड पुस्तक समोर ठेवून, दोन महिने खपून मला घडवले. पहिल्या दिवशी माझे रूप बघण्यासारखे होते. आठही जणांचे फोटो एकावर एक चढले होते आणि एका गृहस्थाच्या मिशा दुसऱ्याच्या कपाळावर आल्या होत्या. गटातले तपासनीस, जे इमारतींच्या लिफ्ट तपासतात, त्यांनी मला चारदा उघडून पाहिले आणि शेरा दिला, “काकी, पान उघडतंय, पण बंद होत नाहीये. लिफ्ट असती तर सील ठोकलं असतं.”

“मग जिन्यानं जा,” काकी म्हणाल्या आणि त्याच दुपारी त्यांनी दुरुस्ती केली.

मंडळाचा एक रिवाज मात्र जगावेगळा होता. सामना हरला, तर ज्याच्या चुकीमुळे हरला त्याने दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत माझ्यावर स्वतःच्या हाताने एक पान लिहायचे. तारीख, मिनिट, जागा आणि चूक. जिंकल्यास फक्त एक ओळ. कोणी कुरकुर केली की काकी म्हणत, “जिंकलेलं सगळ्यांच्याच लक्षात राहतं. हरलं की मात्र सगळ्यांची स्मरणशक्ती जाते.”

त्यामुळे माझ्याकडे विजयाच्या चौसष्ट ओळी आणि पराभवाची एकशे बारा पाने जमली. गटातला नळदादा, म्हणजे आमचा प्लंबर, याचे एक पान तर मला तोंडपाठ आहे: ‘सतराव्या मिनिटाला मी बुरूज सोडला. खाली आपल्याच दोघांचं भांडण जुंपलं होतं आणि मला ते नीट दिसत नव्हतं.’ एवढ्या प्रामाणिकपणापुढे कोण रागावणार?

माणसे दुसऱ्याच्या चुकीचे पान कसे वाचतात, हेही मी टिपून ठेवले आहे. पहिल्या तीन ओळी वाचतात, पोटभर हसतात आणि निघून जातात. पुढचे कोणी वाचत नाही.

सहाव्या वर्षापर्यंत माझा थाट होता. दिवसाला चाळीस-पन्नास जण येत. मग सगळ्यांच्या मोबाइलवर गप्पांचा ग्रुप आला आणि माझ्या अंगणात शुकशुकाट झाला. आठवड्याला चार भेटी. त्यातल्या तीन काकींच्या आणि चौथी कोणाची तरी चुकून. नळदादा तर उघडच म्हणे, “वेबसाइट कशाला पाहिजे आता? सगळं ग्रुपवर आहेच की! काढून टाका ते जुनं धूड.”

मी धूड! मित्रांनो, मला राग येत नाही, पण नोंद होते.

पराभवाच्या पानाच्या जागी आता ग्रुपवर रडक्या चेहऱ्याचे चित्र पडू लागले. काकींना ते रुचेना. त्या चुकलेल्या माणसाला फोन करून पान वदवून घेत आणि माझ्यावर उतरवत. लोक म्हणत, काकी हट्टी आहेत. त्यांच्या या हट्टावरच मी जगले.

यंदा मात्र माझ्यावर खरेच गदा आली, आणि ती आणली नळदादाने. लोखंडी टोळी नावाचा एक बलाढ्य गट आहे. दर वर्षी एकदा ते आमच्या किल्ल्यावर हल्ला करत आणि आम्ही हरत. एकदोनदा नव्हे, लागोपाठ नऊ वेळा. त्यांच्या म्होरक्याने नळदादाला डिवचले, “यंदा हरलात तर मंडळ मोडा, ती वेबसाइट पुसा आणि आमच्यात राखीव म्हणून या.” नळदादा तेव्हा कोणाच्या तरी बेसिनखाली उताणा पडलेला होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात मोबाइल. त्याने फणकाऱ्याने उत्तर धाडले, “आणि तुम्ही हरलात, तर आमच्या रिवाजानं तुमची चूक तुम्ही आमच्या वेबसाइटवर लिहायची!” समोरून ‘कबूल’ आले. नळदादाने ते इमानदारीने ग्रुपवर टाकले आणि तो नळाकडे वळला.

त्यानंतर ग्रुपवर तीनशे बारा निरोप आले. सुप्रभात, कोणाच्या तरी मांजरीचे फोटो, आणि कोणाचा चार्जर कोणाकडे राहिला यावरचा लांबलचक वाद. पैजेचा निरोप त्यांच्या तळाशी गाडला गेला. शुक्रवारी म्होरक्याने जाहीर केले, ‘रविवारी चारला या, पैज लक्षात आहे ना?’ तेव्हा कुठे बाकीच्या सात जणांना कळले की आपण काय पणाला लावून बसलो आहोत.

दुपारी सगळे चष्म्याच्या दुकानात गोळा झाले. नळदादाची थोरली बहीण, कपड्यांची लाँड्री चालवणारी आक्का, आल्या आल्या कडाडली, “अरे, आठ जणांचं मंडळ बेसिनखाली झोपून पणाला लावतात का?”

“मी टाकलं होतं ग्रुपवर! तुम्ही वाचत नाही त्याला मी काय करू?”

“मांजरीखाली होतं ते!”

“भांडणं पुरे,” काकी म्हणाल्या. अकरा वर्षांचे काम रविवारी पुसले जाणार होते. त्यांनी काउंटरवरचा संगणक सगळ्यांकडे वळवला आणि मला उघडले. “आपण नऊ वेळा हरलो. नऊ पानं आहेत. आज हसायचं नाही. शेवटपर्यंत वाचायची.”

तपासनीसांनी लिफ्टची वही काढावी तशी वही काढली. जुन्या पानापासून सुरुवात. ते फक्त मिनिट आणि जागा लिहून घेत होते. पाचव्या पानाला त्यांची लेखणी थांबली. नवव्याला त्यांनी चष्मा पुसला.

“काकी, हे बघा. विसाव्या-एकविसाव्या मिनिटाला पूल मोडतो. आपलं कोणीतरी दुरुस्तीला धावतं. तेविसाव्याला विहिरीकडची भिंत पडते. नऊच्या नऊ वेळा.”

प्रत्येकाने आपापली चूक लिहिली होती. ‘मी पुलाकडे गेलो, चूक माझी.’ ‘मी विहिरीपाशी कमी पडले, चूक माझी.’ पण नऊ पाने एकापुढे एक ठेवून कोणी पाहिलीच नव्हती. ती चूक एकट्यादुकट्याची नव्हती. तो सापळा होता, दर वर्षी तोच.

त्या नऊमधली दोन पाने आक्काची होती. दुसऱ्या पानानंतर तिने विहिरीवर उभे राहणेच सोडले होते. ती हळूच म्हणाली, “म्हणजे मी मंद नव्हते?”

“मंद तर तू आहेसच,” नळदादा म्हणाला, “पण त्या दिवशी नव्हतीस.” आक्काने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि डोळेही पुसले.

रविवारी उशीर मंडळाचे आठही जण पावणेचारला हजर होते. ही नोंद मी दोनदा तपासली.

एकविसाव्या मिनिटाला पूल मोडला. नळदादा एकटा तिकडे गेला आणि सगळे मंडळ तिथे जमल्यासारखी ठोकाठोक करू लागला. उरलेले सात जण विहिरीकडच्या भिंतीमागे दबा धरून बसले. सगळ्यात पुढे आक्का. बावीस झाली. तेविसाव्या मिनिटाला भिंत पडली आणि लोखंडी टोळी एकामागून एक, मान खाली घालून, ओळखीच्या वाटेने आत शिरली. आक्का ओरडली, “या, बसा!” आणि सातही जण तुटून पडले. तीन मिनिटांत टोळीचा एकही गडी उभा नव्हता. किल्ला राहिला, मंडळ राहिले आणि मित्रांनो, मीही राहिले!

बातमी पसरली आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे दोन हजार तीनशे चाळीस माणसे आली. मला धाप लागली. काकींनी घाईघाईने मोठे फोटो उतरवले, तेव्हा मी सावरले. नळदादाने विजयाची पासष्टावी ओळ लिहिली: ‘जिंकलो. वेबसाइटबद्दल जे बोललो ते मागे घेतो.’

म्होरक्याही शब्दाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याचे पान आले: ‘नऊ वेळा जमलं म्हणून दहाव्यांदा तीच भिंत निवडली. आमच्या गप्पांत कोणीतरी विचारलं होतं, या वेळी वाट बदलायची का. तो निरोप मी आज शोधला, सापडला नाही. चूक माझी.’ त्याखाली आक्काने लिहिले, ‘मोकळेपणानं लिहिलंत. पुढच्या वर्षी या.’

आता तुम्ही विचाराल, खेळणाऱ्या गटांना अजून स्वतःची वेबसाइट लागते का? खरे सांगते, गप्पांना लागत नाही. हाका मारायला, चिडवायला, मांजरी दाखवायला ग्रुपच बरा. पण चार वर्षांनी जे शोधावे लागेल, त्याला वाहून न जाणारी जागा लागते आणि ती आपल्या ताब्यातली असावी लागते. तेवढी जागा मी आहे. माझ्यासारखी एखादी तुमच्याकडे असेल तर तिच्याकडे अधूनमधून फिरका. मोडलेले पान दुरुस्त करा, आणि दुसऱ्याने लिहिलेले शेवटपर्यंत वाचा.

परवा एका नव्या गटाची चार मुले-मुली दुकानात आली. त्यातली एक म्हणाली, “काकी, आम्हालाही वेबसाइट काढून द्याल? पण नुसत्या चुका लिहिलेलं कोण वाचणार हो?”

काकींनी मला उघडले आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. चौघे उभ्या उभ्या वाचू लागले. तिसऱ्या ओळीला हसले. निघतील असे मला वाटले. मग एकाने खुर्ची ओढली, दुसरीने पिशवी खाली ठेवली, आणि ती मघाची मुलगी म्हणाली, “थांब रे, पुढचं पान लाव.”