आचाऱ्याचे हात

माणसाचा खरा शत्रू त्याच्या आतच दडलेला असतो, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आचाऱ्याचा शत्रू आत नव्हता आणि बाहेरही नव्हता. तो बरोबर मधे, कातडीवर होता. त्याचं नाव इसब. एरवी तो कसाबसा मुठीत राही. पण उन्हाळ्याच्या सुटीत समुद्रकाठी घर भाड्याने घेतलं, की घाम, वाळू आणि खारं पाणी यांच्या संगतीने असा चवताळून उठे की आचारी झोपेत स्वतःच्याच कोपरांवर तुटून पडायचा. सकाळी चादर खाटकाच्या फडक्यासारखी दिसायची.

गेल्या सुटीवरून तो अशाच फुटलेल्या हातांनी परतला. उघड्या जखमेच्या माणसाला हॉटेलच्या भटारखान्यात उभं करत नाहीत. म्हणून त्याला गल्ल्यावर बसवलं. तिथे बसून तो दुसऱ्याच्या हातचं कच्चट जेवण बाहेर जाताना बघत राहिला. यंदा तर मोठे आचारी निवृत्त होणार होते. मालक म्हणाला होता, "सुटीवरून धड हात घेऊन या, मग तुमच्या बढतीचं बघू."

त्यामुळे यंदा कडक शिस्त होती. नखं मुळापासून कापलेली. समुद्रातून बाहेर आलं की गोड्या पाण्याने अंघोळ, तीही कोमट. अंग पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. ते ओलसर असतानाच मलम थापायचं आणि वर सुती हातमोजे.

"साडूबुवा," त्याचा साडू न्हाणीघराबाहेरून विचारायचा, "अंघोळ करताय की स्वतःला मुरायला घातलंय?"

हा साडू, म्हणजे धाकट्या मेव्हणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. मनाने वाईट नव्हता, पण त्याला कुरकुर सहन होत नसे. बायकोची होई, दाराची नाही. आणि भाड्याच्या घरातलं ओसरीचं सरकतं दार उघडताना असं किंचाळायचं की शेजारची कुत्री उत्तर द्यायची.

घात झाला तो दोघांच्या धंद्यामुळे. आचारी कुठलीही वस्तू विकतच्या डब्यात ठेवत नसे. आणली की पुसलेल्या स्टीलच्या डब्यात. त्याच्या हाताखालच्या माणसांना वासावरून वस्तू ओळखता आलीच पाहिजे. मलमही तसंच, चिठ्ठी न लावता, न्हाणीघराच्या फळीवर. आता पांढरा, घट्ट, चिकट पदार्थ बिनचिठ्ठीच्या डब्यात दिसला, तर लिफ्टवाल्याच्या लेखी त्याला एकच नाव असतं. त्याने तो दाराच्या रुळाला लावला, पंख्याला लावला, फाटकाच्या बिजागऱ्यांना लावला आणि उरलासुरला घरमालकाच्या सायकलला. पण माणूस तत्त्वाचा. दुसऱ्याचं संपवलं तर भरून ठेवायचं. त्याने अवजारांच्या पिशवीतलं स्वतःचं पांढरं ग्रीस त्या डब्यात काठोकाठ भरलं.

दुपारी आचाऱ्याने ओल्या हातांवर ते कोपरापर्यंत थापलं, हातमोजे चढवले आणि आडवा झाला. हात चुरचुरायला लागले तेव्हा त्याला वाटलं, मलम लागू पडतंय. मग वास आला. भटारखान्यातल्या कुठल्याच डब्याला असा वास नव्हता.

तो ओसरीवर आला. साडू दार एका बोटाने मागेपुढे करून कौतुकाने बघत होता.

"माझ्या डब्यात काय घातलंत?"

"ग्रीस! उत्तमातलं. आधीचं तुमचं अगदीच पातळ होतं हो."

"ते मलम होतं."

साडूने विचार केला. "तरीच," तो म्हणाला आणि हसला.

त्या हसण्यावर पहिला ठोसा बसला. साडूचा ओठ फाटला. लग्न झाल्यापासून एकमेकांना अहो-जाहो करणारे ते दोघे त्या क्षणी अरे-तुरेवर उतरले, आणि तिथून थेट आयांवर. साडूने पान्हा उचलून आचाऱ्याच्या बरगडीत हाणला. आचाऱ्याने त्याला टेबलावरून लोळवलं, छातीवर बसला आणि तोंडावर मारत सुटला. पांढरे हातमोजे घालून मारामारी करणारा माणूस लांबून फार सभ्य दिसतो. रस्त्यावरच्या एका बाईंना वाटलं, कोणीतरी दातांची तपासणी करतंय. मग हातमोजे लाल झाले आणि त्या ओरडल्या.

"ताई, तुझ्या नवऱ्याला आवर! मारून टाकेल तो ह्यांना!" धाकटी धावत आली.

"तुझ्या नवऱ्याने का हात लावला आमच्या डब्याला?" थोरली म्हणाली आणि तिने धाकटीची वेणी धरली. धाकटीने तिच्या दंडाचा लचका तोडला. लहानपणची कुठली तरी भांडणं अर्धवट राहिली असावीत.

साडूने खालून आचाऱ्याचा कान चावला, गुडघा पोटात घातला आणि निसटून आत पळाला. आचारी मागे धावला. त्याने चौकटीला हात घातला न घातला तोच साडूने आतून सगळं बळ लावून दार लोटलं. एरवी ते निम्म्यावर अडकलं असतं. आज ते लोण्यासारखं सरकलं आणि उजव्या हाताच्या चार बोटांवर बंद झालं. असा आवाज आचाऱ्याने आजवर फक्त कोंबडी तोडताना ऐकला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी हातमोजे कापून काढले, ग्रीस धुतलं. कातडी बराच वेळ उजेडात निरखली.

"थोडी लाली आहे ग्रीसची, उतरेल. पण इसब? छानच आटोक्यात ठेवलंयत. चार माणसांना दाखवावं असं."

"आणि बोटं?" आचाऱ्याने विचारलं.

"तीन मोडलीत. चौथ्यात कोणाचा तरी दात आहे."

प्लॅस्टरच्या आत हाताला खाज सुटली. ती तशीच सोबत घेऊन तो सुटी संपल्यावर हॉटेलात गेला आणि गल्ल्यावर बसला. मोठ्या आचाऱ्याची जागा मालकाने जावयाला दिली होती. ती लग्नाच्या बैठकीतच कबूल झाली होती.